दोन्ही चुली लाल झाल्या की

माझ्या सासूबाईंना वास येत नाही. कधी येतो, कधी येत नाही, असंही नाही. अजिबात येत नाही. हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरली तर त्या आधी डबीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, हिचं काय करू? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लातूरच्या घरात सासू-सासरे एकाच वेळी तापाने पडले आणि एकाच गाडीतून दवाखान्यात गेले. परत आल्या त्या एकट्या सासूबाई. नवऱ्याचं तोंडसुद्धा त्यांना शेवटचं बघायला मिळालं नाही. घरी आल्यावर त्यांनी चहात आलं किसून टाकलं, तर आल्याला वास नव्हता. या दोन गोष्टी त्या वेगळ्या करतच नाहीत. कुणी विचारलं की सांगतात, जाताना सोबत घेऊन गेले.

आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, मीही तसंच म्हणते. मी नांदेडला राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. भुताची गोष्ट सांगून दुसऱ्यांना घाबरवणाऱ्या मुलांना मी वर्गापुढे उभं करते आणि पुरावा मागते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून आमच्या स्टाफरूममध्ये माझी फिरकी घेतली जाणार हे नक्की.

मामांचं रेणापूर नाक्याजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मुरुड, रेणापूर, देवणीपासूनच्या विहिरींवरच्या मोटारी जळायच्या, आणि त्या मामांकडे यायच्या. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वर वार्निश ओतायचं, भट्टीत वाळवायचं. या कामाचा एक वास असतो. तापलेल्या तारेचा, जळक्या वार्निशाचा. तो मामांच्या सदऱ्याला असायचा, केसांना असायचा, जेवणाच्या डब्यालासुद्धा असायचा. लग्न होऊन मी त्या घरात नवीनच होते तेव्हा एका संध्याकाळी दचकून उठले आणि म्हणाले, घरात काहीतरी जळतंय. आत्याबाईंनी हातातलं पीठ न सोडता सांगितलं, मामा आलेत. आणि खरंच दारात चपला वाजल्या.

मामा गेल्यावर आत्याबाई त्या घरात एकट्या राहू लागल्या. आम्ही दर आठवड्याला चकरा मारायचो, नांदेडला चला म्हणायचो, आणि त्या दर वेळी काहीतरी कारण काढायच्या. कधी तुरीला ऊन द्यायचं असायचं, कधी नळाला पाणी येणार असायचं. लातुरात नळाला पाणी येणार हे कारण कुणालाच खोडून काढता येत नाही, त्यामुळे आमचं काही चालायचं नाही.

मग ते गॅसचं झालं. दूध उतू गेलं, त्याने बर्नर विझला आणि गॅस तसाच सुटत राहिला. आत्याबाई ओट्याजवळ बसून तूर निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या देवापुढे दिवा लावायला उठल्या. शेजारच्या काकू कपडे काढायला अंगणात आल्या म्हणून, नाहीतर काही उरलं नसतं. काकू नाकाला पदर लावून धावत आत आल्या तेव्हा आत्याबाईंच्या हातात काड्यापेटी होती आणि काडी बाहेर काढलेली होती.

त्या दिवशी माझ्या नवऱ्याने आवाज चढवला. तसा तो मवाळ माणूस आहे, बँकेत गिऱ्हाइकाला नाही म्हणतानाही उठून उभा राहतो. पण आईला त्याने तोडून सांगितलं की या घरात एकतर गॅस राहील नाहीतर तू राहशील, आणि गॅस नसेल तर स्वयंपाक कशावर करणार, तेव्हा बॅग भर. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "गॅस ने."

म्हणून ती विजेची शेगडी आली. इंडक्शन घेऊन चाललं नसतं, कारण आत्याबाईंची अर्धी भांडी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, राहिलेली पितळेची, आणि इंडक्शनला यातलं काहीच चालत नाही. सिरॅमिकच्या शेगडीला कुठल्याही धातूचं भांडं चालतं, फक्त बूड सपाट पाहिजे. वर काळी गुळगुळीत काच, काचेखाली दोन गोल, गोलात तारेचं वेटोळं. बटण दाबलं की तार तापते आणि काचेतून लाल दिसते. ज्वाळा नाही, आवाज नाही, धूर नाही. मला वाटलं, आत्याबाईंसाठीच बनवली आहे.

ती ओट्यात बसवायची होती. दगड कापायला माणूस आला, घरभर पांढरी धूळ झाली. ओट्याला चौकोनी भोक पडलं ते आत्याबाई दारातूनच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खड्डा खांदल्यावानी दिसायलंय." वायरमन म्हणाला की हिला मीटरपासून वेगळी जाड लाईन लागते, पण तुमच्याकडे गिझरची लाईन पडूनच आहे, तिच्यावर सहज चालेल. आमचा गिझर कधीचाच काढला होता. जिथं प्यायला पाणी जपून वापरायचं तिथं गिझर काय करायचा? त्याने गिझरची वायर स्वयंपाकघरात ओढली आणि ओट्याखाली, जिथं सिलेंडर असायचा त्या कोपऱ्यात, भिंतीवर प्लास्टिकची एक पेटी बसवून त्यात जोडणी केली. आम्ही पेटीपुढे ज्वारीचा पत्र्याचा डबा सरकवला. सिलेंडरची जागा मोकळी झाली म्हणून आत्याबाईंनी तिथं आपला बसायचा पाट टाकला.

वापरायला त्या लवकर शिकल्या. भाकरी फुगवायला जाळ नाही, तर तव्यावरच फडक्याने दाबून फुगवू लागल्या. काच पुसायची ती ओल्या फडक्याने, डाग पडला तर व्हिनेगर लावून पात्याने खरवडायचा, तारेची घासणी लावायची नाही, हे सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं आणि पाळलंही. शेगडी बंद केल्यावर काच गरम असेपर्यंत एच हे इंग्रजी अक्षर लाल पेटलेलं राहतं. ते शिडीसारखं दिसतं. मी सांगितलं, शिडी दिसतेय तोवर हात लावायचा नाही. त्यांनी विचारलं, शिडी कुणासाठी लावलीय? मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मला मात्र ती शेगडी आवडेना. भात ठेवून बाजूला व्हावं, आणि वळून बघावं तर गोल काळा पडलेला असायचा. शेगडी बंद झाली म्हणून हात पुढे करावा तोच खालून पुन्हा लाली चढायची. आतली तार जास्त तापू नये म्हणून ती आपोआप बंद-चालू होते, हे मला माहीत आहे, मी मुलांना शिकवतेही. तरी पाठमोरं असताना आपल्यामागे काहीतरी डोळा उघडतंय आणि मिटतंय असं वाटायचं.

भाद्रपदात मामांची तिथी आली. आमच्याकडे पितरांना घास द्यायचा तो विस्तवावर. गोवरी पेटवायची, तिचा निखारा झाला की वर तूप सोडायचं आणि खीर, वडा, भाजी यांचा घास ठेवायचा. धूर वर गेला की पितरांना पोचलं. दर वर्षी गोवरी गॅसवर पेटवायचो. या वर्षी गॅस नव्हता. मी म्हणाले, अंगणात कापूर घालून पेटवते. गोवरी दमट होती, मी फुंकून फुंकून घामाघूम झाले आणि माझा पारा चढत गेला. आत नवरा पानं वाढत होता. तेवढ्यात त्याने मला जोरात हाक मारली.

मी धावत गेले. स्वयंपाकघरात निळा धूर भरला होता. आत्याबाईंनी दोन्ही गोल लावून लालबुंद केले होते आणि गुळाची खीर, वडा, वर तूप, असा घास सरळ काचेवर ठेवला होता. विस्तवच तर आहे, मग गोवरी कशाला, असा त्यांचा हिशोब. आपल्याकडची कुठलीही बाई असाच हिशोब करील, आणि शेगडी बनवणाऱ्याच्या तो स्वप्नातही आला नसेल. गूळ उकळून काचेला चिकटत होता. मी ओरडले, अहो काच जाईल, बंद करा. त्या पाटावर बसून होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वास आला," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. मी विचारलं, कसला, खिरीचा?

"न्हाई. त्येंचा."

मी पात्याने गूळ खरवडला. गूळ निघाला, पण त्याच्यासोबत काचेचा पापुद्राही निघाला आणि तिथं नखाएवढा खळगा राहिला. नवऱ्याने धूर जाऊ दे म्हणून खिडकी उघडली, तर आत्याबाईंनी उठून ती लावून घेतली.

आम्ही नांदेडला परत आलो आणि मी त्यावर फार विचार केला नाही. बाईला नवऱ्याची आठवण आली, तिथीच्या दिवशी कुणाला येत नाही? पण शेजारच्या काकूंचा फोन आला. त्या चाचरत म्हणाल्या की तुमच्या सासूबाई रोज दिवेलागणीला स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात आणि आत कुणाशी तरी बोलतात. एकदा काकू वाटीभर कढी घेऊन गेल्या तर आत्याबाई दारातच आडव्या आल्या आणि म्हणाल्या, आत्ता नको, घरात माणूस हाय.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच लोहा-अहमदपूर मार्गाची एसटी धरली. लातुरात उतरले तेव्हा दिवस मावळत होता. घराचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत दिवा नव्हता, आतही नव्हता. स्वयंपाकघराचं दार ढकललं, तर अंधारात ते दोन लाल गोल. त्यांच्यावर भांडं नाही, काही नाही. आणि खाली कोपऱ्यात पाटावर आत्याबाई. डोक्यावरून पदर घेतलेला. आत्याबाई डोक्यावरून पदर फक्त मामांपुढे घ्यायच्या, मामा गेल्यापासून मी तो त्यांच्या डोक्यावर कधी बघितला नव्हता.

मी दिव्याचं बटण दाबलं. ट्यूब फडफडली, लागली, पण उजेड मंद पडला. त्या म्हणाल्या, घालव. मी घालवली. का घालवली हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्याशेजारी फरशीवर टेकले. डावा गोल काळा झाला, उजवा लाल होता. मग उजवा काळा झाला, आणि सगळं स्वयंपाकघर अंधारलं. आमच्या दोघींचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग डावा हळूहळू तापू लागला. त्या उजेडात आत्याबाईंचा चेहरा दिसला, आणि तो मला अनोळखी वाटला, कारण त्या चेहऱ्यावर लाज होती, नव्या नवरीला असते तशी.

त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "जरा सरक गं. त्येंला बसू दे."

आणि मी सरकले. बीएस्सी बीएड झालेली, पोरांना पुरावा मागणारी बाई मी, हातभर जागा करून दिली आणि त्या मोकळ्या जागेकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मला कसलाही वास येत नव्हता. ज्वारीचा येत होता, ओट्यावरच्या कांद्याचा येत होता, त्यापलीकडे काही नाही. तरी मी उठले नाही. त्या अंधारात मी किती वेळ बसले कोण जाणे.

सकाळी उजेडात माझं डोकं ठिकाणावर आलं आणि मी चिडले. मी त्यांच्यापुढे कांदा फोडला, कापूर जाळला, मिरचीची फोडणी दिली. मला ठसका लागला, त्या निवांत बघत होत्या. मी म्हणाले, मग मामांचाच वास कसा येतो? त्या म्हणाल्या, तो नाकानं येत न्हाई. मी विचारलं, तर कशानं येतो? त्यांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मग जरा वेळाने आपणहून सांगितलं की एका चुलीनं येत नाहीत, दोन्ही चुली लाल झाल्या की येतात, आणि त्याही बराच वेळ ठेवाव्या लागतात. हे त्यांनी पाहुण्याची आवड सांगावी इतक्या सहज सांगितलं.

मी नांदेडला येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. मी सरकले ते सोडून. मग आम्ही आत्याबाईंना लातुरातच एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते, त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, वास गेलेल्या माणसाला कधीकधी नसलेला वास येतो, मेंदू आपल्या मनाने तयार करतो, आणि बहुतेकांना जळकाच येतो. त्यात काही विशेष नाही. पण त्या रिकामी शेगडी पेटवून अंधारात बसतात, कुणाशी बोलतात, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना एकटं ठेवू नका, असं ते आमच्याकडे बघून म्हणाले. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. आपल्याबद्दल आपल्यासमोर बोललं जातंय हे त्यांना कळत होतं, आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

घरी आल्यावर नवऱ्याने ठरवूनच टाकलं. दिवाळी झाली की नांदेडला, कायमचं. घराला कुलूप. आणि ती शेगडी आजच, आत्ताच तोडून ठेवतो. आत्याबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आईने लेकापुढे हात जोडलेले मी त्या दिवशी बघितले, आणि ते मला बघवेना.

"मला हितंच राहू दे," त्या म्हणाल्या. "दुसरं काय बी मागत न्हाई तुला. मी गेले तर ते येतील आन् घरात कुनीच नसंल."

नवऱ्याने त्यांना बाजूला केलं. हळूच केलं, पण केलं. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तो ओट्याखाली वाकला, पाट उचलला, ज्वारीचा डबा ओढून काढला आणि भिंतीवरच्या त्या पेटीचं झाकण उघडलं.

मग तो तसाच थांबला. मी म्हणाले, काय झालं? मी वाकून बघितलं. पेटीच्या आतला भाग तपकिरी होऊन वितळला होता. जोडणीच्या जागी वायरीचं रबर गळून काळा कोळसा झाला होता, मागचं प्लास्टरही काळं पडलं होतं. झाकणाच्या आतून धुराची रांगोळी उठली होती. गिझरची ती पातळ वायर एक गोल कसाबसा सोसत होती. दोन्ही लागले की तापत होती, आणि कित्येक दिवस डब्याआड गुपचूप जळत होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पेटीने पेट घेतला असता, आणि पेटीशेजारी बसणाऱ्या बाईच्या सुती लुगड्यानेही.

नवऱ्याने नाक पेटीजवळ नेलं. मग तो मागे सरकून फरशीवर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"बाबांच्या दुकानाचा वास आहे," तो म्हणाला.

मी वाकले. झाकण उघडल्यावर मलाही आला. तापलेल्या तारेचा, जळक्या वार्निशाचा, चपला वाजायच्या आधी दारातून आत यायचा तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत झाली होती. मोटारी भरणाऱ्या वाइंडरचा मुलगा आईला घेऊन डॉक्टरकडे गेला होता आणि जळकी वायर त्याच्या घरात भिंतीला होती. वास खरा होता, वायर खरी होती, आत्याबाई जे सांगत होत्या त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त एक गोष्ट मला तेव्हाही कळली नाही आणि अजूनही कळत नाही. ज्या बाईला नाकाखालचा जळता कापूर कळत नव्हता, तिला बंद पेटीतली, डब्याआडची ती वायर कशी कळली? मी त्याच कोपऱ्यात, त्याच पेटीशेजारी बसले होते. माझं नाक धडधाकट आहे. मला काही आलं नव्हतं.

डॉक्टरांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, एखादा वास शिल्लक राहत असेल. मग म्हणाले, असं होत नाही खरं तर.

त्या दिवसापासून घराचं वारंच बदललं. नवऱ्याने आईच्या पाया पडून सांगितलं, "माय, तू येडी न्हाईस. आमीच येडे." त्याने दुसरा वायरमन आणला, मीटरपासून जाड नवी लाईन टाकून घेतली, शेगडीला स्वतःचा वेगळा स्विच बसवला. जुनी पेटी काढली, काळी भिंत खरवडून पुन्हा गिलावा केला. दोन्ही गोल लावून तासभर तो स्वतः वायरीवर हात ठेवून बसला. वायर थंड होती. ट्यूबचा उजेड कणभरही हलला नाही. तो म्हणाला, आता माय खुशाल राहू दे इथं, मला काही काळजी नाही. मलाही तेच वाटलं. आत्याबाईंना राहायचं होतं ते घर आम्ही त्यांना परत दिलं, तेही पहिल्यापेक्षा पक्कं करून, या समाधानात आमची दिवाळी गेली.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात पुन्हा अंधार होता, दोन्ही गोल लाल होते आणि आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. गोल काळे झाले, लाल झाले. या वेळी मला भीती वाटली नाही. ती खोली नुसतीच खोली होती, कुणीही नसलेली, आणि त्या शेगड्या म्हणजे आपोआप बंद-चालू होणारी दोन वेटोळी. आत्याबाई मध्येच मान वळवून दाराकडे बघायच्या, मग पुन्हा शेगडीकडे. त्यांनी मला सरकायला सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनीच हात लांब करून दोन्ही बटणं बंद केली.

त्याच्या पुढच्या वेळी त्या बसल्या होत्या, पण डोक्यावर पदर नव्हता. त्याच्याही पुढच्या वेळी शेगडी बंदच होती, आणि स्वयंपाक केलेला नव्हता. काकूंनी दिलेली भाकरी ताटात तशीच वाळलेली होती. मी विचारलं, बरं नाही का? त्या म्हणाल्या, बरी हाय.

दिवाळीनंतर थंडी पडली त्या आठवड्यात मी गेले तर पुढच्या खोलीत कॉटवर मामांची जुनी बॅग उघडी होती आणि आत्याबाई तीत लुगडी घडी करून ठेवत होत्या. देव्हाऱ्यातले देव एका पितळी डब्यात बसवून झाले होते. मी गोंधळले. म्हणाले, अहो, कुणी तुम्हाला चला म्हणालं का आता? सगळं नीट झालंय ना? तुमचा लेक तर स्वतः म्हणाला की राहा. तुम्हालाच इथं राहायचं होतं.

"व्हतं," त्या म्हणाल्या.

मी पुढे बरंच काही बोलले. पाण्याचं बोलले, शेजारच्या काकूंचं बोलले, नवी लाईन किती पक्की आहे ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटचं लुगडं बॅगेत दाबून बसवलं आणि सहज, नांदेडला थंडी कितपत असते असं विचारावं तसं विचारलं, "तुमच्या घरच्या वायरी जुन्या हायत का गं?"

मला वाटलं, त्यांना भीती वाटतेय. एवढं सगळं झाल्यावर कुणालाही वाटेल. त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून मी घाईघाईने, शिक्षिकेच्या आवाजात सांगून टाकलं, "नाही हो आत्याबाई, आमच्याकडे सगळ्या नव्या आहेत. एकसुद्धा जुनी नाही."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं, त्या काय विचारत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी खाली बघितलं, बॅगेची चेन ओढली, आणि म्हणाल्या, "बरं."